डोहाळ्यांची माती

भाजलेल्या गाळाची वडी सुपारीएवढी होती. एका बाजूला राखेचा करडा पट्टा, दुसऱ्या बाजूला आईच्या अंगठ्याचा ठसा. ठशाच्या रेषा इतक्या बारीक उमटल्या होत्या, की गाळात वाळूचा कणही नसावा. स्वप्नाने वडी नाकाशी नेली आणि तिच्या तोंडाला पाणी सुटलं.

स्वप्ना पोटात असताना तिची आई जाईबाई नदीच्या डोहातला गाळ आणून, वड्या थापून, चुलीत भाजून खायची. आता लेकीला दिवस गेल्यावर, त्या चौऱ्याण्णवच्या उन्हाळ्यात, ती उंब्रजहून एसटीने मिरजेला वड्या पोचवू लागली होती. ही तिसरी खेप. आधीच्या वड्या डब्यात तशाच होत्या. स्वप्ना झाकण उघडायची, वास घ्यायची, झाकण लावायची.

कॉलेजच्या प्रयोगशाळेत त्या डोहाचा गाळ तिनंच तपासला होता. पाणी वाहून गेलं, तरी शेतातलं कीटकनाशक तळाशी बसून राहिलं होतं. डोहाकाठच्या झऱ्यातही ते सापडलं, आणि माहेरी पिण्याचं पाणी त्याच झऱ्याचं.

मागच्या खेपेला तिने आईला आडून विचारलं होतं, डोहात फवारणीचे पंप धुतात का. धुतात की, शेजारचा दादासो तर रोज, पण भ्यायचं काय त्यात, औषधच ते, असं जाईबाई म्हणाली होती. गावात त्याला दुसरा शब्दच नव्हता. स्वप्नाने विषय बदलला होता.

आज साखर शोधताना जाईबाईच्या हाताला तो भरलेला डबा लागला. तिने झाकण उघडलं; सगळ्या वड्या तशाच.

"लय शिकलीस बाई. डोहाळं बी पुस्तकात बघून लागत्यात व्हय तुला?"

मग राग गिळून ती घरचं सांगू लागली. आतली खोली सारवून घेतलीय. बाज नव्यानं विणलीय. जुन्या लुगड्याची दुपटी शिवलीत. स्वप्नाला ती खोली दिसली, पहाटेचा गारवा, भिंतीपलीकडे आईच्या बांगड्या. त्या बाजेवर पडून राहावं, आईनं पाणी तापवावं, एवढंच तिला कितीतरी दिवस हवं होतं.

"मग कवा न्यायला येऊ?" जाईबाईने विचारलं.

स्वप्नाने आईचा हात धरला.

"आये, तुमी ज्याला औषध म्हणताय ते इख हाय. डोहात बसलंय, झऱ्यात उतरलंय. बाळंतपणाला मी घरी येणार न्हाई."