पावसाच्या वहीतले एकोणीस दिवस

मी एक जुनी नोंदवही आहे. हवामान कार्यालयाच्या दप्तरखान्यात नळ फुटला आणि आमच्या पाऊस मोजण्याच्या केंद्राचे बत्तीस वर्षांचे तक्ते भिजून त्यांचा लगदा झाला. हे ज्या सकाळी कळले, त्याच सकाळी कुणाला तरी माझी आठवण झाली. तोवर मी एका कपाटावर, रिकाम्या सुटकेसखाली पडून होते.

मित्रांनो, नदीवर नवा पूल व्हायचा होता. एका दिवसात जास्तीत जास्त किती पाऊस पडतो, यावरून त्याची उंची ठरणार होती. पूल ठेंगणा झाला असता तर पुरात बुडाला असता. त्याचा अभ्यास करणारी तरुणी तक्ते शोधत आली, तर हाती लगदा. तेव्हा म्हातारे दप्तरदार म्हणाले, "निरीक्षकबाई सगळं दोनदा लिहायच्या. एक प्रत आम्हाला, एक घरी. त्या आता नाहीत, पण त्यांचे यजमान आहेत. विचारून बघा."

बाई रोज सकाळी साडेआठला अंगणातल्या पर्जन्यमापकातले पाणी काचेच्या मापात ओतायच्या, वाकून डोळा पाण्याच्या रेषेला आणायच्या आणि आकडा माझ्यात लिहायच्या. पाऊस नसला तर शून्य लिहायच्या. यजमान चिडवायचे, "अगं, शून्यासाठी कशाला शाई घालवतेस?"

"जागा रिकामी ठेवली तर पाऊस नव्हता की मी नव्हते, हे कुणाला कळणार?"

एका पावसाळ्यात बाई एकोणीस दिवस रुग्णालयात होत्या. यजमानांनी एक दिवसही न चुकवता पाऊस मोजला. चूक वेगळीच झाली. सकाळी मोजलेला पाऊस त्याच सकाळच्या तारखेला लिहायचा असतो. त्यांनी तो आदल्या तारखेला लिहिला.

तरुणी घरी आली, यजमानांनी मला कपाटावरून काढून दिले. तिने माझे आकडे नदीपलीकडच्या केंद्राशी ताडून पाहिले आणि कपाळाला हात लावला. "आजोबा, हे एकोणीस दिवस जुळत नाहीत. सोडून द्यावे लागतील." आणि सर्वांत मोठा पाऊस नेमका त्यातच होता.

"काल पडलेला पाऊस आजच्या नावावर कसा घालू?" आजोबा म्हणाले. "घरी आल्यावर ती हसली होती. म्हणाली, अहो, तुमचं शहाणपण तुमच्याजवळ ठेवा, माझ्या वहीत नको. मग काहीतरी लिहीत बसली. ती गेल्यापासून मी वही उघडलेली नाही."

तरुणीने पान उजेडाकडे तिरके धरले. समासात पेन्सिलीने बारीक लिहिले होते: "या एकोणीस नोंदी एक तारीख पुढे घ्याव्यात. मोजणारे नवखे, पण पाणी खरे."

नोंदी पुढे घेतल्या आणि जुळल्या. पुलाची उंची सव्वा मीटरने वाढली. आजोबांनी ती ओळ तीनदा वाचली. मग म्हणाले, "घेऊन जा वही. पण ओल्या हातानं पान उलटू नकोस. तिला चालायचं नाही."

शून्य लिहिणाऱ्या बाईंची, चुकत का होईना पण रोज मोजणाऱ्या आजोबांची आणि दप्तरदारांच्या आठवणीची मी ऋणी आहे. मित्रांनो, घरात कुणी अशा नोंदी ठेवल्या असतील तर रद्दीत घालण्याआधी एकदा उघडा. समासही वाचा.

माझी पावसाची पाने आता संगणकात उतरली आहेत. बाई तापमानही लिहायच्या, ती पाने अजून बाकी आहेत. आणि बाई गेल्यापासून अंगणातला पाऊस कुणी मोजलेला नाही.