शेरा : वाचा नाही

माझ्या आजीचा शब्द घरात कोणी खाली पडू दिला नाही. आईच्या आवाजाला सारी गल्ली वचकून असे, आणि मी तीस वर्षे शाळेतले वर्ग नुसत्या घसा खाकरण्याने गप्प केले. अशा तीन पिढ्यांच्या पोटी माझी लेक आली. तिला एक शब्द ओठांबाहेर काढायला अर्धा मिनिट लागतो.

अकरा वर्षे ती छापखान्यात मुद्रिते तपासत होती. नव्या व्यवस्थापकाने प्रत्येकाला गिऱ्हाइकांचे फोन घेण्याची सक्ती केली आणि तिला काढून टाकले. पत्रात आधार दिला होता शाळेच्या दाखल्याचा. शेरा : वाचा नाही. कामगार कचेरीच्या खिडकीवर अर्ज देऊन दाद मागायची मुदत आज पाचला संपत होती.

दोन वकील पाहून झाले होते. पहिल्याने तिच्यादेखत मला विचारले, "हिला समजतं का?" दुसरा भला होता. ती असमर्थ आहे असे लिहून द्या, पालक म्हणून सही करा, पुढचे मी बघतो, म्हणाला. मला ते पटलेही होते. लेकीने कागद पालथा घातला आणि उठली.

अपंगांच्या हक्कांचे खटले चालवणारी एक बाई कचेरीमागेच बसते, हे आम्हांला शेवटी झेरॉक्सवाल्याने सांगितले. पोहोचलो तेव्हा चार वाजून वीस मिनिटे झाली होती. वकीलबाई लेकीच्याच वयाची. दाखला वाचून तिने विचारले, "शाळेला हे कोणी सांगितलं?"

मी सहसा कोणापुढे मान खाली घालत नाही. त्या वेळी घातली. बत्तीस वर्षांपूर्वीची गोष्ट, लेक सहा वर्षांची होती. प्रवेशाच्या टेबलाशी गुरुजींनी तिला नाव विचारले, तिने तोंड उघडलेही होते. मागे रांग होती, लोक पाहत होते. मी तिचा खांदा दाबला आणि म्हणाले, ती बोलत नाही. गुरुजींनी तेच लिहून घेतले.

वकीलबाईने कोरा कागद पुढे ओढला. "जबाब यांच्याच तोंडून घेणार. आई, तुम्ही मध्ये बोललात तर वकीलपत्र परत देईन."

"पाचला खिडकी बंद होते."

"ठाऊक आहे. हे तुमचं शेवटचं."

लेक हसली. कित्येक दिवसांनी हसली.

मग तिची मान वळली, हनुवटी ओली झाली. पुढचा शब्द मला आधीच कळत होता, म्हणून मी रुमाल दातांत धरून घड्याळाकडे पाठ केली.

"चुका... डोळ्यांनी... सापडतात," ती म्हणाली. "माझी... खुर्ची... द्या."

वकीलबाईने एक अक्षर वाढवले नाही की गाळले नाही.

खिडकीशी पोहोचलो तेव्हा पाचला सहा मिनिटे कमी होती. आमच्या मागे चारपाच माणसे. कारकुनाने अर्ज उलटसुलट पाहिला, शिक्का उचलला आणि माझ्याकडे बघून विचारले, "अर्जदाराचं पूर्ण नाव?"

माझा हात लेकीच्या खांद्यावर होता. तो मी काढून घेतला.

"तिला विचारा."

मागून कोणीतरी घाई असल्याची आठवण करून दिली. मी वळून पाहिले, तो गप्प झाला. खिडकीशी ती तिच्या चालीने बोलत राहिली. पहिले अक्षर तीनदा अडले. मग नाव आले, वडिलांचे नाव आले, आडनाव अर्ध्यावर थांबले आणि तेही पुरे झाले. बत्तीस वर्षे माझ्याकडे राहिलेले तिचे बोलणे ती सगळे घेऊन गेली.

त्यानंतर शिक्का पडला.