गच्चीवरचा गरम हौद

देवयानीने त्या वस्तूला पहिल्या दिवसापासून हौद म्हटलं. तिच्या धाकट्या भावाला, सलिलला, ते झोंबायचं आणि झोंबतं म्हणूनच ती पुन्हा पुन्हा म्हणायची. सलिलने बाळकुमच्या एका टॉवरमध्ये सगळ्यात वरचा फ्लॅट घेतला होता. त्याला लागून स्वतःची गच्ची होती आणि गच्चीच्या कोपऱ्यात प्लास्टिकची हिरवळ अंथरून त्यावर हा हॉट टब बसवला होता. एक बटण दाबलं की पाणी गरम, दुसरं दाबलं की बुडबुडे, तिसरं दाबलं की निळाजांभळा उजेड. वास्तुशांतीला आलेल्या पाहुण्यांना त्याने देवघराच्या आधी टब दाखवला. खाली सोसायटीच्या गेटाशी पाण्याचे टँकर उभे होते आणि वर हा गृहस्थ पाण्यात दिवे लावून मिरवत होता.

देवयानी डोंबिवलीच्या एका प्रयोगशाळेत पाणी तपासायच्या विभागाची प्रमुख होती. विहिरी, टाक्या, सोसायट्यांचे स्विमिंग पूल, सगळ्यांचं पाणी तिच्या टेबलावरून जायचं. माणसं पाण्याचं काय करून ठेवतात ते रोज बघून तिचं एकूण माणसांबद्दलचं मत खालावलेलं होतं. भावाबद्दलचं तर त्याहून आधी. सलिल मोठमोठ्या कंपन्यांत जाऊन 'वेलनेस'चे वर्ग घ्यायचा, म्हणजे एसी हॉलमध्ये चांगल्या पगाराच्या लोकांना डोळे मिटून बसायला लावायचा. एवढ्यावर माणसाला गच्ची कशी मिळते, हे तिला कधीच उमगलं नाही.

टब बसवणाऱ्याने क्लोरीनचा डबा आणि पाणी तपासायच्या पट्ट्या दिल्या होत्या. सलिलने दोन्ही माळ्यावर टाकले. त्याला पाणी 'नॅचरल' ठेवायचं होतं. कडुनिंबाचा पाला आणि वाळा मलमलीच्या फडक्यात बांधून त्याने ती पुरचुंडी टबात सोडली, तळाशी तांब्याचा गडू ठेवला आणि वरून लव्हेंडरचं तेल शिंपडलं. देवयानीने त्याला एकदाच नीट समजावून सांगितलं. गरम पाण्यात क्लोरीन लवकर उडतं, म्हणून थंड पाण्यापेक्षा तिथे जास्त लक्ष द्यावं लागतं. फिल्टर दर आठवड्याला काढून पाइपाखाली धरायचा, अंग धुतल्याशिवाय कोणाला आत सोडायचं नाही, तीनेक महिन्यांनी सगळं पाणी बदलायचं. पाणी आरपार दिसतंय म्हणजे ते स्वच्छ आहे असं नाही. सलिल ऐकताना मंद हसत होता. वर्गातल्या नवख्या, धडपडणाऱ्या माणसाकडे बघून तो असाच हसत असणार. "ताई, तू ना पाण्याला घाबरतेस," तो म्हणाला. त्यानंतर तिने तो विषय सोडून दिला. मूर्खाला दुसऱ्यांदा सांगणं हा तिला आपल्या शिक्षणाचा अपमान वाटायचा.

या घरात तिचं असं एकच माणूस होतं, बाबा. वर्तकनगरची त्यांची जुनी इमारत पाडायला घेतली तेव्हा त्र्यंबकराव सलिलकडे राहायला आले. ऐंशी ओलांडलेली, गुडघे गेलेले. सुरुवातीला ते फोनवर टबाची टर उडवायचे आणि देवयानी हसून हसून लाल व्हायची. तो हौद हा शब्दही मुळात त्यांचाच, वास्तुशांतीच्या दिवशी काढलेला. मग हळूहळू त्यांनी टर उडवणं बंद केलं. रोज दुपारी, सलिल आणि त्याची बायको रसिका कामावर गेले की ते टबात जाऊन बसायला लागले होते. गुडघ्यांना बरं वाटतं, म्हणाले. देवयानीला ते थोडं खटकलं, पण म्हातारपणी एवढं चालायचंच, असं म्हणून तिने सोडून दिलं.

मार्चमध्ये रसिकाने मैत्रिणींना बोलावलं. संध्याकाळभर सगळ्या टबात बसल्या, फोटो काढले. दोन-तीन दिवसांत एकेकीच्या पोटावर, मांड्यांवर लाल पुटकुळ्या उठल्या, नेमक्या पोहण्याच्या कपड्यांखाली. त्यांच्या ग्रुपवर बोभाटा झाला. रसिका रडकुंडीला आली, आणि सलिलने कधी नव्हे ती तातडी दाखवून गुन्हेगार शोधला. घरकाम करणारी गंगुबाई. तिने टॉवेल कसल्या तरी जळजळीत पावडरीत धुतले, ते नीट खळबळले नाहीत, त्याने हे झालं. गंगुबाईला त्याच दिवशी काढून टाकलं.

हे सगळं देवयानीला रसिकाने फोनवर सांगितलं, नव्या कामवालीची चौकशी करता करता.

रविवारी देवयानी बाळकुमला गेली ती सॅम्पलची निर्जंतुक बाटली पर्समध्ये घालून. टबाचं झाकण उचललं तर आतून लव्हेंडरचा भपकारा आला आणि त्याच्या मागून दुसरा, ओल्या पायपुसण्याचा. फिल्टर बाहेर काढला. त्याच्या घडीघडीत करडा बुळबुळीत थर साचला होता. कडेला बोट फिरवलं तर बोटालाही तेच लागलं. माळ्यावरची पट्टी शोधून तिने पाण्यात बुडवली. क्लोरीनचा चौकोन जसा पांढरा होता तसाच राहिला. सलिल मागे उभा राहून सांगत होता की हा थर म्हणजे वनस्पतींचा अर्क आहे. तिने बाटली भरली आणि ती निघाली.

प्रयोगशाळेतल्या काचेच्या तबकडीवर हिरवट ठिपक्यांची दाटी झाली. कोमट, घाणेरड्या पाण्यात माजणारा हा जंतू तिला चांगलाच ओळखीचा होता. पुटकुळ्या याच्याच. तिने सलिलला फोन केला.

त्याने शांतपणे ऐकलं आणि टब साफ करून घेऊ म्हणाला. त्याच्या लेखी विषय तिथे संपला.

"आणि गंगुबाई?" तिने विचारलं.

"ती तशीही पावडर अंदाजानेच टाकायची, ताई."

हे खरं होतं. गंगुबाई कामाला आळशी होती, तोंडाने फटकळ होती, टॉवेल कडक वाळवायची. देवयानीने स्वतः दोनदा तिला टोकलं होतं. "पण त्यासाठी तू तिला काढलं नाहीस," ती म्हणाली.

सलिल म्हणाला की आता परत बोलावणं विचित्र दिसेल, रसिकाने मैत्रिणींना टॉवेलचं सांगून टाकलंय. देवयानीने फोन ठेवला. तिला राग आला असं म्हणणं बरोबर नाही. राग यायला समोरचा निदान बरोबरीचा लागतो. गटारात पडलेल्या चपलेकडे बघावं तसं तिला वाटलं.

बाबांना बरोबर घेतलं की सलिल ताळ्यावर येईल, असा तिने हिशेब केला. ती शाळेत असताना त्यांच्या कॉलनीत जिन्यातले बल्ब चोरीला गेले होते. वॉचमनवर आळ आला, सगळी कमिटी त्याला हाकलायला निघाली. बाबा एकटे मीटिंगमध्ये उभे राहिले आणि पुरावा दाखवा म्हणत मध्यरात्रीपर्यंत हटले नाहीत. देवयानी दाराआडून ऐकत होती. माणूस कसा असावा हे तिने त्या रात्री ठरवलं, आणि नंतर भेटलेल्या बहुतेकांना त्याच मापाने मोजून नापास केलं.

दुसऱ्या दिवशी सुट्टी टाकून ती दुपारी गेली. बाबा एकटेच होते. तिने सगळं सांगितलं, तबकडी, जंतू, गंगुबाईवरचा खोटा आळ. ते खिडकीबाहेर बघत ऐकत होते. त्यांना नवल वाटलेलं दिसलं नाही. मध्येच त्यांचा हात बनियनखाली गेला आणि कमरेवर खाजवून परत आला.

"बाबा, बनियन वर करा जरा."

"उन्हाळा आहे, घामोळं असेल."

तिने स्वतःच वर केलं. नाडीच्या वर कमरेभर लाल पुटकुळ्या होत्या. काही ताज्या, काही सुकून काळ्या पडलेल्या.

"कधीपासून आहे हे?"

त्यांनी बनियन खाली ओढून नीट केलं. मग म्हणाले, "संक्रांतीपासून. येतं, जातं."

"म्हणजे त्या बायका यायच्या आधीपासून."

"हो."

बाबा अंग पुसायला पंचा वापरायचे, आणि तो आंघोळीच्या वेळी स्वतःच्या हाताने धुवून दोरीवर टाकायचे. हा त्यांचा जन्मभराचा नेम, घरात सगळ्यांना ठाऊक असलेला. गंगुबाईचा हात त्या पंच्याला कधी लागलाच नव्हता.

"तिला काढलं तेव्हा तुम्ही इथेच होता?"

"इथेच होतो," ते म्हणाले. "ती माझ्याकडे बघत होती. आजोबा, तुम्ही सांगा, म्हणाली." त्यांनी गुडघ्यावरून हात फिरवला. "टबाचं कळलं असतं तर तू तो बंद करायला लावला असतास, देवयानी. तुझा स्वभाव मला माहीत आहे. दिवसातून तेवढा अर्धा तास माझं काही दुखत नाही."

सलिलसाठी तिच्याजवळ वर्षानुवर्षांचा साठा होता, टोमणे, नावं, नजरा. यातलं काहीच तिला बाबांसाठी काढता येत नव्हतं, पण मनात जे उगवलं होतं ते मात्र सलिलबद्दल वाटायचं तेच होतं, हुबेहूब, आणि ते खाली जाईना.

तिने मोबाइलवर गंगुबाईचा नंबर लावला आणि फोन त्यांच्या हातात दिला. ते नाही म्हणाले नाहीत. टॉवेलांमुळे काही झालं नव्हतं, मला ते माहीत होतं, मी बोललो नाही, असं त्यांनी अडखळत पण पूर्ण सांगितलं. पलीकडून गंगुबाई काय बोलली ते देवयानीला ऐकू आलं नाही. फोन परत देताना बाबा म्हणाले की तिला शेजारच्या टॉवरमध्ये काम मिळालंय आणि ती परत येणार नाही.

"आणखी काही म्हणाली?"

"आता का सांगताय, विचारलं."

मैत्रिणींना खरं सांग, नाहीतर मी सांगते, असं देवयानीने रसिकाला बजावलं. रसिकाने ग्रुपवर लिहिलं की टब बसवणाऱ्याने सदोष फिल्टर दिल्यामुळे हा त्रास झाला. म्हणजे गंगुबाई सुटली आणि तो बिचारा अडकला. देवयानीने तो मजकूर वाचला आणि या दोघांसाठी आणखी शब्द खर्च करायचं कायमचं थांबवलं.

टब मात्र तिने चालू ठेवला. तिच्या देखरेखीखाली पाणी उपसलं, नळ्यांमधून जंतुनाशक फिरवलं, नवा फिल्टर बसवला, पुरचुंडी आणि गडू कचऱ्यात गेले. त्वचेच्या डॉक्टरांनी बाबांच्या कमरेचं बघितलं, पुटकुळ्या बऱ्या झाल्या. आता ती रविवारी येते, पट्टी बुडवते, रंग जुळवून बघते, क्लोरीन टाकते, फिल्टर पाण्याच्या धारेखाली धरते. सलिल घरात असला तर दिवाणखान्यातच बसून राहतो.

क्लोरीन टाकल्यावर मुरेपर्यंत थांबावं लागतं. मग पुन्हा पट्टी लावून ती हो म्हणते आणि बाबा कठड्याला धरून सावकाश आत उतरतात. ती बाजूला स्टूल घेऊन बसते. पूर्वी ती त्यांना आठवड्यात भेटलेले मूर्ख एकेक करून सांगायची आणि दोघं हसायची. परवा त्यांनी विचारलं, लॅबमध्ये काय नवीन. ती म्हणाली, काही नाही, चाललंय. त्यांनी मान हलवली आणि बुडबुड्यांचं बटण दाबलं.