ज्याची त्याची भिंत

सकाळी नातीचा हात धरून आक्का शाळेपाशी आली आणि जागीच थबकली. तीन खोल्यांची शाळा, त्यातली कडेची खोलीच नव्हती. खालचे दगडी पाये तेवढे राहिले होते आणि मातीत काही बोल्ट पडले होते. मास्तर लहान पोरांना व्हरांड्यात दाटीवाटीनं बसवत होते.

"मास्तर, खोली कुठं गेली?"

"काल सुट्टी होती ना आक्का. पुढाऱ्यांनी उचलून नेली. रस्त्याकडेला, त्यांच्या घराजवळ. गावाचं ऑफिस करायचंय म्हणाले."

"आणि तुम्ही बघत बसलात?"

"मी पडलो नोकरमाणूस. मोठ्यांचे वर्ग कसेतरी दोन खोल्यांत मावतील. लहानांचा वर्ग यंदा बंद ठेवा म्हणालेत. ज्याला घाई असेल त्यानं हमरस्त्यानं पलीकडच्या गावात पाठवावं."

हमरस्त्याचं नाव निघालं आणि आक्काच्या तळपायाची आग मस्तकात गेली. जुन्या शाळेचं छप्पर कोसळलं तेव्हापासून ही शाळा होईपर्यंत गावची पोरं मालट्रकांच्या कडेकडेनं त्याच रस्त्यानं जायची. आक्काचा धाकटा पोरगा एकदा ट्रकखाली येता येता वाचला, तो पुन्हा शाळेकडे फिरकला नाही. आता लोकांची जनावरं राखतो. नातीला त्या रस्त्यावर पाऊल टाकू देणार नाही, असं आक्कानं ती पाळण्यात असतानाच ठरवलं होतं.

ही शाळा कुणी आयती आणून दिलेली नव्हती. इंजिनिअर बाई आल्या त्या नकाशा काढायच्या आधी बायकांत येऊन बसल्या. ऊन कुठून येतं, वारा कुठून शिरतो, ओढा कुठवर चढतो, सगळं विचारून घेतलं. मग लाकडी चौकटी शहरातल्या कारखान्यात तयार होऊन ट्रकमधून आल्या, आणि त्यांत पेंढा ठासून भरायचं काम गावानं केलं. एका घरानं एक चौकट भरायची, दोन्ही बाजूंनी मातीनं लिंपायची, असं ठरलं. भिंती अशा जाड झाल्या की भर उन्हात आत गारवा. छप्पर खांबांवर उभं, त्याचं पाणी टाकीत उतरायचं. सगळं बोल्टांवर जोडलेलं, कारण पोरं वाढली तर खोली जोडता यावी आणि ओढा अंगावर आला तर शाळा हलवता यावी. ती सोय पुढाऱ्याच्या कामी येईल, हे बाईंच्या काय, कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं.

त्या वर्षी वैरणीची मारामार होती. तरी आक्कानं गाईच्या दावणीतला पेंढा उचलून भिंतीत भरला. गाईच्या बरगड्या दिसायला लागल्या आणि ती आटली.

पुढारी म्हणजे आक्काचा सख्खा धाकटा दीर. ती लग्न होऊन आली तेव्हा त्याला नाक पुसता येत नव्हतं. शाळेच्या कामात त्याच्या घरची चौकट त्याच्या बायकोनं भरली, त्यानं फक्त दार दिलं. त्यावर स्वतःचं नाव कोरून घ्यायला मात्र तो विसरला नाही.

नातीला मास्तरांच्या हवाली करून आक्का तडक रस्त्याकडेला गेली. खोली तिथं ऐटीत उभी होती आणि आत खताची पोती रचलेली होती. तिला येताना बघून पुढाऱ्यानं दार ओढून कुलूप लावलं आणि किल्ली खिशात टाकली.

"या वहिनी, बसा."

"बसायला नाही आले. खोली परत न्या, भाऊजी."

"अहो, ती सुट्या भागांचीच खोली. उचला आणि कुठंही न्या, असं बाईच म्हणाल्या होत्या. गावाचं ऑफिस गावाच्या खोलीत, त्यात माझा काय स्वार्थ?"

"आणि ती खताची पोती गावाची का?"

"चार दिवस ठेवलीत. पुढं बघू."

"तुम्ही बघा पुढं. पोरांनी काय करायचं?"

"किती त्रागा करता! तुमचा धाकटा नाही शिकला, काय अडलं त्याचं? पोट भरतोय ना?"

आक्काला वाटलं, त्याच्या दोन थोबाडीत द्याव्यात. लहानपणीच दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असंही वाटलं.  ती वळली आणि लोहाराच्या दारात गेली.

"पाना दे."

लोहार हसला. "एकटी खोली आणणार का, आक्का?"

"खोली नाही, माझी भिंत. तू बस मूग गिळून."

तिची चौकट तिला लांबूनच ओळखू आली. घरची चूल लिंपताना ती कडेला चार बोटांची वळणं ओढायची, तशीच इथंही ओढली होती. तिनं पाना लावला आणि दात-ओठ खात पहिला बोल्ट फिरवला.

पुढारी धावत आला. "अहो वहिनी, ही सरकारी मालमत्ता आहे!"

"सरकारनं पेंढा घातला होता का? माझ्या गाईच्या तोंडचा घास आहे ह्यात. दार तुमचं, त्याला मी बोटसुद्धा लावत नाही."

बोल्ट सुटले तशी चौकट तिच्या अंगावर कलली. वजन एकटीला झेपेना. रस्त्यावर माणसं थांबली होती, सगळे नुसते बघे. आक्का ओरडली, "अरे, बघता काय? तुमची पोरं नाहीत का त्या व्हरांड्यात?"

लोहाराची बायको पुढं आली आणि तिनं दुसरं टोक धरलं. दोघींनी चौकट रस्त्यावर नेऊन ठेवली. भिंतीला भलंमोठं भोक पडलं आणि त्यातून खताची पोती गावाला दिसली. मग लोहाराच्या बायकोनं पाना मागितला. "हिच्या शेजारची माझी आहे."

नंतर लोहारच दुकानातले सगळे पाने घेऊन आला. ज्यानं त्यानं आपली चौकट ओळखली, सोडवली आणि चौघांच्या मदतीनं डोक्यावर-खांद्यावर घेऊन शाळेकडे नेली. पुढारी एकेकाला नावानिशी धमकावत होता, पण कुणी वर बघेना. खांब आणि छपरासाठी ट्रॅक्टरवाला म्हणाला, "उद्या सकाळी आणतो, आक्का."

दुपार कलली तेव्हा एकच भिंत उरली होती, पुढाऱ्याच्या घरची. तिला हात लावायला लोक कचरत होते. पुढारी तिला पाठ लावून उभा राहिला. "ही माझी. बघतो कोण नेतं ते."

घरातून त्याची बायको पदर खोचत आली. लग्न झाल्यापासून ती चारचौघांत त्याच्यासमोर कधी बोलली नव्हती.

"भरली कुणी?" ती म्हणाली. "सरका."

तो सरकेना. तिनं त्याच्या दंडाला धरून बाजूला केलं आणि आक्काच्या हातातला पाना घेतला. "जाऊबाई, खालचं टोक धरा."

दोघी जावांनी भिंत उचलली. मागं छपराखाली खताची पोती राहिली आणि त्यांच्यापुढं एकटं दार, चौकटीत घट्ट, कुलूप लावलेलं.

आक्का जाता जाता थांबली.

"भाऊजी, किल्ली आहे ना खिशात? सांभाळा हो."