माझा उजवा जोड अजून शाबूत आहे

मी गाडी बोलतेय. म्हणजे गाडीचं जे काही उरलंय ते बोलतंय. चाकं नाहीत, मोटर नाही, बॅटरी तर कधीच काढून नेली. भंगारवाल्याच्या अंगणात, एक गंजकं कपाट आणि फुटक्या बादल्यांचा ढीग यांच्या मधे, दोन तुटक्या नळ्या आणि एक जोड एवढीच मी आता आहे. बोलायला तेवढं पुरतं. ज्यांना धडधाकट तोंडं होती ती माणसं गप्प बसली, म्हणून तर ही वेळ माझ्यावर आली.

माझा जन्म कारखान्यातला नाही. एका शाळेच्या वर्कशॉपमध्ये, वरच्या वर्गातल्या सहा मुलांनी मला वर्षभर खपून बांधलं. माझ्या दोन लांब नळ्या आधी मैदानावरच्या गोलचे खांब होत्या. चाकं सायकलींची. सीट एका मोडक्या खुर्चीची. वळताना मी कुरकुरायचे, म्हणून मुलांनी माझं नाव ठेवलं म्हातारी. जन्मायच्या आधीच म्हातारी! पण त्या हाकेत माया होती.

मला बांधायचं कारण म्हणजे एक शर्यत. शाळाशाळांच्या विजेच्या गाड्यांची. सगळ्यांना सारखीच बॅटरी, वेळ एक तास, आणि तेवढ्यात जी गाडी जास्तीत जास्त फेऱ्या मारेल ती जिंकली. एक अट मात्र कडक होती. गाडीतला प्रत्येक जोड, प्रत्येक तार मुलांच्याच हातची हवी. मोठ्यांनी शिकवायचं, सांगायचं, पण हात लावायचा नाही.

माझे जोड मारले, म्हणजे वेल्डिंग केलं, ते आक्कानं. ती कुणाचीच आक्का नव्हती, सगळ्यांच्याच वयाची होती; पण पाना जागेवर ठेवला नाही की असं झापायची की मुलं तिला आक्काच म्हणू लागली. तिची आई कपडे शिवायची. आक्का घरून आईचे शब्द घेऊन यायची आणि लोखंडाला लावायची. "आई म्हणते, टाका दिसला तर दिसू दे, उसवायला नको."

पहिल्या आठवड्यात तिनं माझ्या नळीला तीन भोकं पाडली. मग वर्कशॉपचे सर म्हणाले, "म्हातारीला सोड. आधी तुकड्यांवर हात बसव." दोन महिने ती तुकडे जोडत होती. जोडला की सर तो तुकडा शिकंज्यात धरायचे आणि हातोड्याचा एक दणका द्यायचे. जोड तुटला की एकच शब्द, "पुन्हा." एके दिवशी त्यांनी दणका दिला, नळी वाकली, पण जोड हलला नाही. सरांनी आणखी दोन दणके दिले. मग हातोडा खाली ठेवून, तिच्याकडे न बघताच म्हणाले, "जा आता म्हातारीकडे."

पुढच्या चाकांचा आडवा दांडा माझ्या दोन लांब नळ्यांना जिथे मिळतो, तिथे तिनं दोन जोड मारले. एक डावा, एक उजवा. सगळा भार तिथेच यायचा. जाड, गुठळ्या-गुठळ्यांचे जोड होते ते.

"हा काय सुरवंट चढवलास गं?" मच्छरनं विचारलं. मच्छर म्हणजे माझा चालक. शाळेतला सगळ्यात हलका मुलगा, म्हणून त्याची निवड.

"सुरवंट तर सुरवंट. तुला पेलतोय ना? आणि तुला पेलायला तसं सुरवंटाचं पिल्लूही चाललं असतं म्हणा."

मच्छर हसला आणि दोन्ही हातांच्या दहा बोटांनी माझ्या पत्र्यावर ताल धरून बसला. चालवायच्या आधी तो नेहमी तसं करायचा. मला ते फार आवडायचं.

आक्काला तंत्रनिकेतनात जायचं होतं. तिथे प्रवेशाला केलेलं काम दाखवावं लागायचं आणि शिक्षकांचं पत्र लागायचं. एकदा माझ्याशेजारी फरशीवर बसून ती मच्छरला म्हणाली होती, "मार्क माझे यथातथाच आहेत रे. माझ्याकडं दाखवायला हे दोन जोडच आहेत." तेव्हापासून ते दोन जोड मी दागिन्यांसारखे मिरवायचे.

शर्यतीच्या दहा दिवस आधी मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, मला बघायला आल्या. वाईट नव्हत्या त्या. शाळेच्या बागेतली वाळकी पानंसुद्धा जाता-जाता स्वतः वेचायच्या. त्यांनी माझ्याभोवती एक चक्कर मारली आणि डाव्या जोडापाशी थांबल्या.

"सर, हे काय? गालावर व्रण असल्यासारखं दिसतंय."

"जोड असाच असतो बाई. थोडा फुगीर."

"पाहुणे फोटो काढणार आहेत. पेपरात येईल. रंगवून तरी आणा कुठून."

मुलांना चार दिवस सुट्टी होती. त्या चार दिवसांत मला रंगाच्या गॅरेजमध्ये नेलं. रंगारी मन लावून काम करणारा माणूस होता. त्यानं फोन करून सरांना विचारलं, "हा जोड घासू का?" आणि सर म्हणाले, "थोडासा घास. दिसायला बरं."

थोडासा! रंगाऱ्याचं सगळं आयुष्य गुळगुळीत करण्यात गेलेलं. त्याला थोडासा कळतच नाही. त्यानं ग्राइंडर लावला आणि माझा डावा सुरवंट नळीच्या पातळीला येईपर्यंत घासला. लोखंडाचा कीस खाली पडत होता, आणि तो कीस म्हणजे आक्काचे दोन महिने होते. आत उरलं कागदाएवढं. खड्डे पडले तिथे त्यानं पुट्टी भरली, वर निळा रंग मारला, लांबून बघितलं आणि खूश झाला. उजव्या जोडापुढं बॅटरीची पेटी होती. तिथे ग्राइंडर पोचला नाही, म्हणून तो वाचला.

मला सांगा, हे गुळगुळीतपणाचं वेड तुम्हा मोठ्यांना कुठून लागतं? मुलांच्या हातून काहीतरी खरं घडलं की तुम्हाला पहिली त्याची लाज का वाटते?

शर्यतीच्या सकाळी आक्कानं मला मैदानावर पाहिलं. आधी हरखली, मग डाव्या जोडावरून तिचा अंगठा फिरला आणि तिथेच थांबला.

"सर, माझा सुरवंट कुठंय?"

"साफ केलाय थोडा. छान दिसतंय की."

"साफ केला म्हणजे किती? आत काय उरलंय?" ती खाली वाकली. "रंग खरवडून बघू?"

"आता? वेडी आहेस का? तपासनीस आलेत बघ."

तपासनीस पिकल्या मिशांचे, हसऱ्या चेहऱ्याचे होते. हातात फॉर्म. त्यांनी डाव्या जोडावर थाप मारली. "वा! कारखान्यातल्यासारखा जोड. कुणी मारला?"

सर म्हणाले, "आमच्या मुलीनं."

"शाब्बास, बेटा. कर इथे सही. लिहिलंय बघ, सगळे जोड मी स्वतः मारले आहेत, बाहेरच्या कुणाचा हात लागलेला नाही."

पेन तिच्या हातात होतं. ती नाही म्हणाली असती तर मी तिथल्या तिथे बाद. बाकीची मुलं तिच्यामागे उभी होती, वर्षभर राबलेली. मच्छर हेल्मेट घालून बसलासुद्धा होता, दहा बोटांनी ताल धरून. तिनं सरांकडे बघितलं. सर दुसरीकडे बघत होते.

तिनं सही केली.

मी ओरडले असते. पण माझ्यात हॉर्नसुद्धा नव्हता, वजन वाढतं म्हणून काढून टाकलेला.

खोटं कशाला सांगू, शर्यत छान चालली होती. अठरा गाड्यांत आम्ही चौथे होतो, मग तिसरे झालो. बॅटरी जपून वापरायची म्हणून मच्छर उताराला मोटर बंद करायचा आणि मी नुसती वाहत जायचे. दर फेरीला कठड्याशी आक्का उभी दिसायची. बाकीची मुलं घड्याळाकडे बघत होती. ती माझ्या डाव्या चाकाकडे बघत होती.

एक्केचाळिसाव्या मिनिटाला, वळणावर, पुट्टीला तडा गेला. मला तो कळला. पुढच्या फेरीला चाक थोडं आत झुकलं. आक्कानं हात वर केले, ओरडली, "थांब! मच्छर, थांब!" त्याला वाटलं, ती उत्साहानं ओरडतेय. त्यानं हात हलवला आणि वेग वाढवला.

जोड सुटला. चाक दुमडलं. मी आडवी झाले आणि मच्छर माझ्याखाली आला.

गळ्याजवळचं हाड मोडलं आणि डावा हात चिरडला. जीव वाचला. हाड जुळलं. पण डाव्या हाताची दोन बोटं काही केल्या मिटेनात.

चौकशी झाली. तीन माणसं टेबलाभोवती बसली आणि त्यांनी फॉर्म वाचला. मला ठेवलेलं अडगळीच्या खोलीत, त्यांच्या टेबलापासून चाळीस पावलांवर. एकही जण उठून आला नाही. सरांना बोलावलं तेव्हा ते नखं बघत बसले, म्हणे. अहवालात एक ओळ आली, विद्यार्थिनीच्या सदोष वेल्डिंगमुळे अपघात. खाली पुरावा म्हणून तिचीच सही.

आक्का म्हणाली होती, "जोड घासला होता." त्यांनी विचारलं, "मग सही का केलीस?" वर्कशॉपला कुलूप लागलं. तंत्रनिकेतनाचं पत्र कुणी लिहिलं नाही, आणि तिनं मागितलंही नाही.

सहा महिन्यांनी तिला अडगळीच्या खोलीत फळ्याचा स्टँड आणायला पाठवलं. मला बघून ती दारातच थबकली. मग आली, माझ्यासमोर उकिडवी बसली. केसांतली पिन काढून तिनं माझ्या तुटक्या डाव्या कडेवरचा रंग खरवडला. पांढरा भुगा तिच्या बोटांवर पडला. ती धावत गेली आणि सरांना घेऊन आली.

"सर, बघा. पुट्टी आहे ही. लोखंड कागदाएवढं ठेवलंय फक्त. माझा जोड तुटलाच नाही, सर. तो तिथे नव्हताच."

सरांनी त्या कडेवरून बोट फिरवलं. खांदे पडले होते त्यांचे. "मला माहीत आहे."

"कधीपासून?"

"गाडी आडवी झाली त्याच दिवसापासून."

"मग बोलला का नाहीत?"

"तू बोललीस, सही करताना?"

असं बोलू नये मुलांशी. खरं असलं तरी बोलू नये. आक्कानं पिन पुन्हा केसांत खोचली. पहिल्यांदा जागा चुकली, दुसऱ्यांदा बसली. सर हलक्या आवाजात म्हणाले, "माझं नाव पुढं आलं असतं, तर वर्कशॉप कायमचं गेलं असतं गं. वाटलं, गप्प बसलो तर तेवढं तरी उरेल."

"उरलं?" तिनं विचारलं. स्टँड उचलला आणि गेली.

वर्कशॉपच्या खोलीत आता झेरॉक्सची मशिनं आहेत.

परवा भंगारवाला आला, त्याची बायकोही सोबत होती. हातगाडीवर मावावी म्हणून मला शाळेच्या आवारातच तोडायला घेतलं. वर वर्ग चालू होते. दुसऱ्या मजल्यावर, खिडकीशी, आक्का बसते. शेजारच्या बाकावर मच्छर. पत्र्याचा आवाज आला की तो अजूनही ताल धरतो, पण एकाच हातानं.

डावी बाजू तर तुटलेलीच होती, तिथे काही करावं लागलं नाही. उजवीकडे भंगारवाल्यानं हातोडा घातला. एक दणका. दुसरा. तिसरा. नळी वाकली. चौथा, पाचवा. त्यानं घाम पुसला. सातवा, आठवा. नळी जोडाच्या अलीकडे चिरली, पण जोड हलला नाही.

"अहो, सोडा तो," बायको म्हणाली. "किती मारताय?"

"च्यायला, सुटतच नाही. हात लावून बघ. कुणीतरी पक्क्या कारागिरानं मारलाय हा."

"नळी कापा बाजूनं. त्याच्या नादाला लागू नका."

त्यांनी बाजूनं कापलं.

शर्यतीत जे मिळालं नाही, अहवालात जे लिहिलं गेलं नाही, ते प्रमाणपत्र आक्काला त्या दिवशी मिळालं. शाळेच्याच आवारात, ती जिथे बसली होती त्याच्या बरोबर खाली. दणके तिला ऐकू गेले असणार. ते शब्द मात्र गेले नाहीत. घंटा झाली आणि हातगाडी फाटकाबाहेर पडली.

सोमवारी ट्रक येणार आहे. मग भट्टी. तिथे पुट्टी आणि पोलाद सगळं एकच होतं. तोवर हा जोड इथे आहे, बादल्यांच्या ढिगाशेजारी, निळा रंगही न लागलेला, गुठळ्या-गुठळ्यांचा. कुणी येऊन बघेल का? त्या मुलीला जाऊन सांगेल का, की आठ दणके बसले आणि तुझा जोड हलला नाही?

तुम्ही ऐकलंत सगळं. तुम्हाला तोंड आहे. पण तुम्हीही आता उठाल, अंगावरची धूळ झटकाल आणि घरी जाल. मला माणसांची सवय झाली आहे.