पार्वतम्मांचा डावा खांदा

मी एक जुनी, लाल रबराची शेकायची पिशवी आहे. लाल म्हणायचं आपलं सवयीने. रंग केव्हाच उडाला. कारखान्यातल्या तापलेल्या साच्यातून निघाले आणि लातूरच्या एका औषधाच्या दुकानात कपाटावर धूळ खात पडले. लातूर तेव्हा नुकताच जिल्हा झाला होता. उदगीरची म्हातारी माणसं मात्र पत्त्यात अजून उस्मानाबादच सांगत.

मला घेतलं उदगीरच्या पार्वतम्मांनी. त्यांचा डावा खांदा आखडला होता. लातूरच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मावशी, हे दुखणं पुरतं जाणार नाही. त्याच्याशी जमवून घ्या. रोज शेका, भिंतीवरून बोटं हळूहळू वर न्या. आणि घागर उचलायची नाही."

पार्वतम्मांना हात हवा होता तो पूजेसाठी. गळ्यातलं इष्टलिंग डाव्या तळहातावर घेऊन, हात छातीपुढे धरून त्या पूजा करत. त्याआधी अन्नाचा कणही घेत नसत. आता डाव्या हाताला उजव्याचा टेकू लागे. "देवाला बी उसना हात दावायचा का?" म्हणत आणि त्यांचे डोळे भरून येत.

मित्रांनो, रोज सकाळी मी त्यांच्या खांद्यावर बसे. मग त्या भिंतीपाशी उभ्या राहत आणि बोटं जिथवर पोचतील तिथे विभूतीचा ठिपका लावत. चार महिन्यांत ठिपके वीतभर वर सरकले. दुखणं होतंच, पण हात टेकूशिवाय राहू लागला. शेजारची दानम्मा मुद्दाम मला बघायला आली. त्या दिवशी मी फार फुगले होते.

पुढे दोन वर्षं पाऊसच झाला नाही. विहिरी आटल्या, टँकर सुरू झाले. माझं दोन तांबे पाणी घराला जड वाटू लागलं. तेच पाणी आठवडाभर पुन्हापुन्हा तापवून माझ्यात भरत. त्याला रबराचा वास येई.

एका सकाळी माझ्यातलं शिळं पाणी सोडलं, तर घरात थेंबभर पाणी नव्हतं. सून उमादेवी बाळंतपणाला देवणीला गेली होती. कोपऱ्यावर टँकरचा भोंगा वाजला. मुलगा बसलिंगप्पा दुकानाला निघाला होता.

"अव्वा, पिशवीत हाय की पाणी. त्येच घे पूजेला."

"शेकाचं पाणी देवाला घालू व्हय रे? तू आन जा घागरभर."

"मी? बायांच्या रांगेत? लोकं हसत्याल!"

तो निघून गेला. पार्वतम्मांनी मला खुंटीवर टांगलं आणि घागर घेतली. पुढचं मी दानम्माच्या तोंडून ऐकलं: रांगेत रेटारेटी झाली, भरलेली घागर उजव्या हातातून निसटू लागली. इतकं पाणी सांडणार म्हणून त्यांनी ती डाव्या हाताने सावरली.

पाणी वाचलं, पण पूजेला हात उठला नाही.

पुन्हा शेक झाला, पुन्हा भिंत झाली. वर्षभरात बोटं पहिल्या ठिपक्यापर्यंतसुद्धा गेली नाहीत. आता त्या लिंग धरलेला हात मांडीवरच ठेवतात, आणि भिंतीकडे जात नाहीत. मला त्यांनी कधी बोल लावला नाही. तेच मला जास्त लागतं.

माझ्या गळ्याला आता चीर गेली आहे, पाणी भरलं की पाझरते. परवा उमादेवीने मला उचललं, चीर निरखून पाहिली.

"अत्याबाई, ही अजून चालंल का वो?"

"न्हाई गं, गळती हाय. कुनाला पायजे?"

 उमादेवीचा हात स्वतःच्याच खांद्यावर होता.

मित्रांनो, मला जपू नका; मी रबर आहे, कधीतरी फाटणारच. तुमच्या घरात कोण खांदा चोळत असतं ते बघा, आणि तिच्या हातातली घागर घ्या. लाज वाटली तरी घ्या. गेलेला हात मी परत आणू शकत नाही, मी फक्त ऊब देते.

आज टँकर आला तेव्हा बसलिंगप्पा दारातच चहा पीत होता. घागर उमादेवीनेच उचलली.