चिकट झालेली रेहाल

एकाच शिसवी फळीतून कापलेली, ना खिळा ना डिंक, अशी मी एक जुनी रेहाल आहे, मित्रांनो. पवित्र ग्रंथ वाचताना तो जमिनीला टेकू नये म्हणून ज्या लाकडी आधारावर उघडून ठेवतात, ती मी. मिटले की पाटासारखी सपाट, उघडले की फुलीसारखी उभी. एकाच फळीत बिजागरी कोरायची म्हणजे खेळ नव्हे. एक घाव चुकला तर फळी थेट चुलीत. ज्या सुताराने मला घडवले त्याचे नाव मला ठाऊक नाही, पण त्याच्या हाताला मी अजून मनातल्या मनात सलाम करते.

तुळजापूरच्या बाजारात मला वलीभाईंनी पाहिले. ते उसाचा ट्रक चालवत. नुकतेच लग्न झालेले. त्यांनी मला ढोकीला घरी आणले आणि नव्या नवरीच्या, ताहेराबीच्या हातात दिले. त्याला आता चाळीस वर्षे होऊन गेली. रोज पहाटेची नमाज झाली की ताहेराबी मला उघडायची आणि हळू आवाजात वाचायची. तिचा मुलगा आसिफ पहिले अक्षर माझ्यासमोरच बसून शिकला. त्याचा गुडघा आपटून माझा एक पाय किंचित टवकला आहे, पण त्याबद्दल माझी तक्रार नाही.

वलीभाई दरवर्षी धाराशिवच्या उरुसातून अत्तराची एक कुपी आणत. ताहेराबी दर शुक्रवारी त्यातले चार थेंब फडक्यावर घेऊन मला चोळायची. खोटे कशाला बोलू, मला त्याचा फार तोरा होता. येणारेजाणारे मला हुंगून बघत आणि मी फुगत असे. सहा वर्षांपूर्वी वलीभाई गेले, पण शुक्रवार चुकला नाही. कुपी आता आसिफ आणायचा. फरक एवढाच की चोळून झाले की ताहेराबी मला नाकाशी धरून डोळे मिटायची. त्या वासात तिला तिचा माणूस भेटत असे.

यंदा आसिफची धाकटी लेक मिनाज चार वर्षांची झाली. आमच्याकडे मूल चार वर्षे, चार महिने आणि चार दिवसांचे झाले की त्याची ‘बिस्मिल्ला’ करतात. नवे कपडे घालून मूल पहिल्यांदा किताबीसमोर बसते आणि मोठ्यांच्या मागोमाग पहिले शब्द म्हणते. हा दिवस मोजून आलेला असतो, तो कुणासाठी पुढेमागे होत नाही. मिनाजची बिस्मिल्ला माझ्यावरच व्हावी, ही ताहेराबीची एकच इच्छा होती.

आसिफला वाटले, एवढ्या मोठ्या दिवशी रेहाल नव्यासारखी दिसायला हवी. त्याने वॉर्निशचा डबा आणला, मला पॉलिशपेपरने घासले आणि दोन हात मारले. काय चमकले मी! पण सकाळी त्याने बोट लावले तर बोट चिकटून बसले. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशीही तेच.

"थंडी लई हाय, म्हणून वाळंना," आसिफ म्हणाला आणि त्याने मला पंख्याखाली ठेवले. मग उन्हात ठेवले. उसाच्या ट्रॅक्टरांची रांग दारावरून गेली आणि रस्त्यावरची सगळी धूळ माझ्या अंगावर येऊन बसली. ती पुसून त्याने वर तिसरा हात मारला. रोग रेड्याला आणि औषध पखालीला! त्याची बायको फरहाना हिने बिचारीने पावडर शिंपडून पाहिली. मी शाळेत निघालेल्या पोरीसारखी पांढरी झाले. शेवटी वाळले का हे बघायला आसिफने माझ्यावर वर्तमानपत्र टेकवले. ते सोलून काढले तेव्हा माझ्या अंगावर उलट्या अक्षरांत बातमी उमटली होती, ‘मराठवाड्यात हवामान कोरडे’.

सगळे हसले, पण ताहेराबी हसली नाही. किताबीचे पान असे चिकटले तर? एवढेच तिच्या मनात आले. बिस्मिल्लाला चार दिवस उरले होते. संध्याकाळी आसिफने बाजारातून प्लॅस्टिकची हिरवी रेहाल आणून ठेवली. ताहेराबी त्या रात्री जेवली नाही.

सकाळी तिने येरमाळ्याला निरोप धाडला. तिथले माणिकप्पा मिस्त्री म्हणजे वलीभाईंचे जुने दोस्त. वलीभाईंच्या ट्रकमधून तुळजापूरला जाऊन त्यांनी लॉजचे किती दरवाजे पॉलिश केले असतील, त्याची गणती नाही. म्हातारे आले, चहाला नको म्हणाले आणि आधी मला उजेडात घेऊन बसले. अंगठ्याचे नख हलकेच दाबले. वर सायीसारखा पापुद्रा, आत ओले. मग त्यांनी मला उलटी केली. मला वाटले, हेही आता वॉर्निशच्या डब्याची चौकशी करणार.

पण त्यांनी विचारले, "भाबी, हिला आजवर काय काय लावलंय?"

मित्रांनो, इतक्या दिवसांत हे कुणीच विचारले नव्हते! ताहेराबी म्हणाली, "काय न्हाय मिस्त्री. निस्तं अत्तर. दर जुम्म्याला."

"किती वर्सं?"

"चाळीस."

माणिकप्पांनी बिजागरीच्या आतल्या बाजूला, जिथे आसिफचा ब्रश पोचला नव्हता, तिथे थिनरचे फडके फिरवले. फडके पिवळे झाले आणि सगळी ओसरी घमघमली. ते आसिफला म्हणाले, "तुझं वॉर्निश वाईट न्हाय आन् थंडीबी वाईट न्हाय. शिसव मुळातच तेलकट. त्यात ही चाळीस वर्सं अत्तराचं तेल प्यालीय. तेलावर वॉर्निश वाळंल कसं? तू वर हात मारत गेलास, आन् ती आतून तेल सोडत गेली."

ताहेराबीचा चेहरा पडला. "म्हंजे म्याच बिघडवली हिला."

"बिघडली कुठं? लाकूड बघा, एक भेग न्हाय. पण वॉर्निश काढावं लागंल, आन् आतलं तेलबी वढून काढावं लागंल." माणिकप्पांनी फडके खाली ठेवले. मग हळूच म्हणाले, "वास जाईल, भाबी."

"सगळा?"

"सगळा. नको वाटत असंल तर ऱ्हाऊ द्या. वरचं तेवढं काढून देतो, कपाटात जपून ठेवा. पोरीला ती हिरवी हाय."

माझा जीव टांगणीला लागला. ताहेराबीने मला हातात घेतले. माझ्या अंगाला तिची बोटे चिकटत होती, तरी तिने मला नाकाशी धरले आणि बराच वेळ डोळे मिटून बसली. मग तिने मला माणिकप्पांच्या पुढ्यात ठेवले.

"त्यांनी ही वाचायला आणली होती, मिस्त्री. हुंगायला न्हाय. घ्या."

त्यानंतर मी पाहिली ती खरी कारागिरी. काचेच्या तुकड्याने त्यांनी चिकट थर असा खरवडला की खालच्या लाकडाला ओरखडा नाही. मग थिनरची फडकी, एकामागून एक, फडके पांढरे निघेपर्यंत. खडूची भुकटी चोळून रात्रभर ठेवले, म्हणजे उरलेसुरले तेल त्यात उतरावे. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मग स्पिरिटमध्ये विरघळवलेला चपडा, म्हणजे लाखेचे पॉलिश, मलमलीत गुंडाळलेल्या कापसाच्या बोळ्याने पातळ पातळ फिरवले. हात कुठे अडत नव्हता, बोळा कुठे थांबत नव्हता. आसिफ शेजारी बसून पाहत होता. "आता वॉर्निश?" त्याने विचारले. "आता कायबी न्हाय," माणिकप्पा म्हणाले. कुठे थांबायचे हे कळणारा कारागीर मी तेव्हा पाहिला.

बिस्मिल्लाच्या दिवशी मिनाज गुलाबी फ्रॉक घालून माझ्यासमोर बसली. तिच्या इवल्या किताबीचे पान माझ्यावरून असे सुटले, जसे झाडावरून पिकले पान. ताहेराबीने शब्द सांगितला, मिनाजने तो बोबडा म्हटला आणि घरभर लाडू वाटले गेले. ताहेराबीचे डोळे वाहत होते आणि ती हसत होती.

मित्रांनो, तुमच्याही घरात एखादी जुनी वस्तू असेल. तिच्यावर जीव लावा, पण तिला काय मानवते हेही विचारा. आणि तिला कपाटात कोंडू नका, तिचे काम तिला करू द्या.

मिनाज आता रोज येते आणि माझ्या कडांवर कोपरे टेकून अक्षरे गिरवते. परवा फरहाना म्हणाली, "अम्मी, हिच्या कोपरानं पॉलिश घासून चाललंय बघा."

"घासू दे की," ताहेराबी म्हणाली. "त्याच्याचसाठी तर लावलंय."